नझमियाचा संडास आणि सात देशांचा निषेध

खिरबत दफ्ला गावात पाहुणा कुठल्याही देशाचा असो, शेवटी त्याला नझमियाच्या घरी यावंच लागे. बसता येईल असा कमोड गावात तिच्याकडेच होता.

तो बसवला तिच्या मुलाने, राघिबने. कुवेतला फरशा बसवायचं काम करणारा हा गडी सुट्टीवर आला, आईचे गुडघे पाहिले आणि परत जायच्या आत गुलाबी फरशांचा संडास उभा करून गेला. नझमियाने तेव्हा त्याची चांगलीच खरडपट्टी काढली होती. "मेल्या, राणी येणार आहे का माझ्याकडे?" राणी काही आली नाही, पण कुठल्याशा राणीचा राजदूत एकदा येऊन बसून गेला.

राजदूत यायला लागले ते टेकडीमुळे. समोरच्या टेकडीवर वसाहत करायला आधी राहायचा एक कंटेनर आला, मग आणखी दोन, मग कुत्री, मग वीज. गावाला वीज आणण्यात नझमियाच्या सासऱ्याचा जन्म गेला होता; टेकडीला आठवडाही लागला नाही. मग ती वसाहतवाली पोरं खाली उतरायला लागली. टेकडीच्या पायथ्याशी गावाचा झरा होता, त्याच्याभोवती त्यांनी बाकं टाकली, झोपाळा बांधला आणि गावाला तिकडे फिरकायची बंदी केली. जैतूनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, सुगीत नझमियाचा धाकटा दीर फय्याद झाडावर होता. त्या पोरांनी त्याला खाली ओढून लोखंडी गजाने मारलं, खांद्याचं हाड मोडलं. त्या पोरांच्याच देशाचं लष्कर आलं आणि जीपमध्ये घातलं फय्यादलाच. तो सुटून आला तोवर बारा-पंधरा झाडं करवतीने कापून झाली होती. त्यातली काही नझमियाच्या नवऱ्याने, मरायच्या आदल्या वर्षी, स्वतः लावलेली.

त्यानंतर वकिलातींच्या पांढऱ्या गाड्या सुरू झाल्या. कार्यक्रम ठरलेला असे. ग्रामपरिषदेचा प्रमुख अबू हिकमत लांबलचक भाषण करी, पाहुणे कापलेल्या खोडाशेजारी मान खाली घालून फोटो काढून घेत, मग एकजण अबू हिकमतच्या कानाला लागे आणि सगळी वरात नझमियाच्या दारात येई. आतला बाहेर येईपर्यंत बाकीचे तिचा मरामियाचा पाला घातलेला चहा पीत.

"काय म्हणतोय ग हा?" एकदा तिने दुभाषी पोरीला विचारलं. ही रामल्ला शहरातली लुब्ना, वकिलातीत नोकरीला.

"मावशी, म्हणतायत की त्यांच्या सरकारला तीव्र चिंता वाटते."

"मागच्या खेपेला गंभीर वाटली होती ना?"

"ती दुसऱ्या देशाला."

"बरं. मग तीव्र मोठी की गंभीर?"

लुब्नाने जरा विचार केला. "तीव्र. किंचित."

"आणि तिच्या वर?"

"खेद. मग निषेध. मग तीव्र निषेध."

"आमच्या फय्यादचं हाड मोडलं, त्याला काय मिळालं होतं?"

"चिंता."

"नुसती?"

"नुसती."

कोपऱ्यात गळ्यात हात बांधून बसलेला फय्याद म्हणाला, "एक खांदा मोडून एवढीच मिळायची, वहिनी. निषेधाला दोन्ही लागत असतील."

पाहुण्याने विचारलं, हे का हसतायत. लुब्नाने सांगितलं, तुमचे आभार मानतायत.

एके दिवशी पहाटे टेकडीवरची पोरं पुन्हा उतरली आणि घराघरांच्या गच्चीवरच्या टाक्यांना गोळ्या घालून गेली. नझमिया बाहेर आली तेव्हा तिच्या टाकीतून पाण्याच्या चार धारा अंगणात पडत होत्या. बादल्या, पातेली, कपबश्या, हाताला येईल ते तिने धारांखाली धरलं. तरी बहुतेक पाणी मातीने प्यायलं. ती पायरीवर बसली आणि टेकडीवाल्यांच्या सात पिढ्यांना नावानिशी नाही तरी नात्यानिशी शिव्या दिल्या. मग शिव्याही संपल्या. ओढणीने तोंड पुसून तशीच बसून राहिली.

आणि त्याच दिवशी पाहुणे आले. उत्तरेकडच्या एका थंड देशाचा हाल्वर नावाचा उंच, लाजाळू अधिकारी, बरोबर लुब्ना. भाषण झालं, खोड झालं, भोकं पडलेल्या टाक्या झाल्या. मग हाल्वरचा चेहरा जरा ओढल्यासारखा दिसायला लागला. अबू हिकमत त्याला घेऊन दारात आला. गाव नझमियाला उम्म राघिब, म्हणजे राघिबची आई, म्हणे.

"उम्म राघिब, पाहुण्यांना जरा..."

"संडास आहे," नझमिया म्हणाली. "पाणी नाही."

"अहो, एखादी बादली..."

"बादली आहे ती चहाची. चहा हवा की संडास, विचार त्याला."

अबू हिकमतने डोळे वटारले. ती उठली, दाराआडचा रिकामा पिवळा कॅन काढला आणि हाल्वरच्या हातात दिला. "लुब्ना, सांग त्याला. झरा त्या तिथे आहे. आम्हाला अडवतात. तुला कोण अडवणार बाबा, तुझ्या गाडीवर तर झेंडा आहे."

"मावशी, असं कसं सांगू?"

"जसं बोलले तसं सांग. तीव्र-बिव्र करू नकोस."

लुब्नाने सांगितलं. हाल्वरने कॅनकडे पाहिलं, टेकडीकडे पाहिलं. निकड होतीच, पण त्यापेक्षा आणखी काहीतरी त्याच्या मनात आलं असावं, कारण तो लुब्नाला एवढंच म्हणाला, "चला."

गाडी जिथवर जाते तिथवर गेली, मग पायवाट. नझमिया गुडघे दाबत पुढे, मागे कॅन घेतलेला परराष्ट्र खात्याचा माणूस, त्याच्या मागे लुब्ना. झोपाळ्यावर तिघं-चौघं पोरं बसली होती, एकाच्या खांद्याला बंदूक. हाल्वरने ओळखपत्र वर धरलं आणि इंग्रजीत काहीतरी सभ्य बोलला. पोरगा हसला. पहिला दगड कॅनला लागला, दुसरा हाल्वरच्या कानाला चाटून गेला. मग मोजायला कोणी थांबलं नाही.

लुब्ना पळाली, हाल्वर पळाला. नझमियाला पळता येत नव्हतं. ती दोन्ही हात डोक्यावर घेऊन एका खडकाआड बसली. ती सांगते, तेव्हा राघिब लहानपणचा डोळ्यांपुढे दिसला. तेवढ्यात कोणीतरी दंड धरला. हाल्वर परत फिरला होता. कानावरून रक्त, बूट चिखलाने भरलेले. काहीतरी पुटपुटत त्याने तिला अर्धी उचलून, अर्धी फरफटत गाडीपाशी आणलं. गाडीची पुढची काच फुटून जाळी झाली होती. कॅन झऱ्यापाशीच राहिला.

लष्कराची जीप आली. अधिकाऱ्याने पहिल्यांदा ओळखपत्र मागितलं ते नझमियाचं. बंदी असलेल्या जागी परदेशी माणसाला का नेलं? हाल्वर मध्ये पडला, आवाज चढवून बोलला. एवढा लाजाळू माणूस, मानेपर्यंत लाल झाला होता. तिला सोडलं.

संध्याकाळी सगळं गाव अबू हिकमतच्या टीव्हीसमोर. सात देशांनी निषेध केला होता. साधा नाही, तीव्र. कुणी टेकडीवाल्यांच्या देशाच्या राजदूताला बोलावून जाब विचारला, कुणी म्हणालं हे अजिबात खपवून घेणार नाही. पडद्यावर ती फुटलेली काच पुन्हा पुन्हा दाखवत होते. बातमीच्या शेवटी निवेदिका म्हणाली, परिसरातील एकूण परिस्थितीबद्दलही चिंता व्यक्त करण्यात आली आहे.

"ती एकूण परिस्थिती म्हणजे मी," फय्याद म्हणाला.

सगळे खो खो हसले. अबू हिकमतही हसला, आणि मग अचानक उठून बाहेर जाऊन उभा राहिला. नझमिया हसली नाही. "माझा कॅन गेला," ती म्हणाली, "त्याचं कोणी नाव काढलं नाही."

पुढे झऱ्यावर काही दिवस सैनिक उभे राहिले. त्यांनी टेकडीवाल्यांना हाकललं नाही आणि गाववाल्यांना येऊ दिलं नाही. यालाच वातावरण निवळणं म्हणतात, असं लुब्नाने सांगितलं.

हाल्वर नंतर एकदा एकटाच आला, झेंडा नसलेल्या गाडीतून, लुब्नाला घेऊन. दोन नवे कॅन आणले होते, भरलेले. चहा घेताना म्हणाला, "मी सगळं लिहिलं होतं. फय्यादचं, झाडांचं, टाक्यांचं, तुमचं ओळखपत्र मागितल्याचं. आमच्या राजधानीत गेलं आणि तिथे फक्त काच उरली."

"तिथे नळाला पाणी येत असेल," नझमिया म्हणाली.

तो मान खाली घालून बसला. तिला त्याची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला. "ए, अशी मान खाली घालू नकोस. मला टाकून नाही पळालास, ते मी सगळ्यांना सांगते. आणखी भाकर घे, ताबूनच्या भट्टीतली आहे, तेल आमचंच."

त्याने घेतली. काही महिन्यांत त्याची बदली झाली.

पण ते कॅन पाहून नझमियाच्या डोक्यात आलं ते आलंच. तिने अबू हिकमतला बजावलं, इथून पुढे ज्याला माझ्याकडे बसायचं आहे त्याने पाणी घेऊन यायचं, आणि एकट्यापुरतं आणायचं नाही. अबू हिकमत आठवडाभर कपाळ धरून होता. मग त्याने तेच जरा गुळगुळीत भाषेत वकिलातींना कळवलं. आता सूट घातलेली मोठमोठी माणसं गाडीची डिकी उघडतात आणि कॅन ओढत चढ चढतात. एका देशाने तर टँकरच पाठवला. त्यावर त्यांचा झेंडा आणि खाली "जनतेकडून जनतेला" असं मोठ्या अक्षरांत. फय्यादने विचारलं, एवढ्या पाण्यात नेमक्या किती जणांनी संडासला जायचं आहे.

झरा मिळाला नाही. झोपाळ्याशेजारी आता छत्री पण आली आहे.

त्या वर्षी सुगीला लष्कराने एका सकाळपुरती परवानगी दिली. उरलेल्या झाडांखाली चादरी पसरल्या. फय्यादला हात वर नेता येईना, तो खाली बसून पाला निवडत होता. नझमिया शिडी लावून चढली. गुडघे कुरकुरत होते, ती त्यांना दटावत होती. मध्येच एक कोवळा सैनिक आला आणि मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाला, "आजी, वेळ संपली."

"बघ जरा, घड्याळ पुढे असेल तुझं."

त्याने खरंच मनगटाकडे पाहिलं, मग अधिकाऱ्याकडे. अधिकारी पाठमोरा फोनवर बोलत होता. पोरगा तिथेच उभा राहिला. नझमिया भराभर ओरबाडायला लागली, दोन्ही हातांनी, पानांसकट. ते झाड झालं. पलीकडची दोन राहिली.