गिटारवाल्याच्या बोटातली काच

ती घटना आजही आठवली की माझं डोकं तापतं. सत्तरच्या दशकाची सुरुवात. मी नगरला फौजदार होतो. भरबाजारात एका हमालाच्या खांद्यावर कुणीतरी मागून फुटकी बाटली मारली आणि गर्दीत पसार झाला. हमालाने त्याचं तोंड पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गोटी सोड्याच्या कारखान्याचा मालक ठाण्यात हजर. गावातला मानाचा माणूस. म्हणाला, "साहेब, आमच्या गल्लीत ती केस वाढवलेली गिटारवाली पोरं हायेत ना? त्यांच्या खोलीत कापलेल्या बाटल्या हायेत. म्या डोळ्यानं बघितल्यात."

झडती घेतली. गिटार, ड्रम, रेकॉर्ड प्लेअर आणि खिडकीत एका बाटलीचा नुसता कापलेला गळा. झालं! हवालदाराने पंचनाम्यात 'धारदार हत्यार' लिहून टाकलं. गिटार वाजवणारा पोरगा लॉकअपमध्ये. त्याला जूनपासून शाळेत मास्तर म्हणून घ्यायचं ठरलं होतं. आई विधवा, तिची सगळी भिस्त त्या नोकरीवर.

"बाटली कशाला कापली?" मी विचारलं.

"बोटात घालून गिटार वाजवायला, साहेब."

हवालदार खो खो हसला. "बोटात बाटली! उद्या म्हणशील, पायात तबला."

पोरगा रडवेला झाला, पण सांगत राहिला. मिशनच्या अमेरिकन डॉक्टरांचा मुलगा मायदेशी जाताना त्याला एक रेकॉर्ड देऊन गेला होता. तिकडच्या एका बँडची. त्यातले गोरे तरुण म्हाताऱ्या काळ्या वादकांकडे बसून ब्लूज, म्हणजे त्यांची दुःखाची गाणी, शिकले, त्यांच्यातल्या काहींना बँडमध्ये घेतलं आणि तीच गाणी विजेच्या गिटारवर दणक्यात वाजवू लागले. काळे-गोरे एकत्र म्हणून त्यांना कित्येक हॉटेलांत खोली मिळत नसे. "तारेवर काच फिरवायची युक्ती त्या म्हाताऱ्यांचीच, साहेब."

मी मुद्देमालातला तो गळा उचलून कडेवर अंगठा फिरवला. गुळगुळीत! अहो, ज्याला माणूस कापायचाय तो काच घासत बसेल का? गिटार मागवली. पोराने काच करंगळीत चढवून तारांवरून सरकवली. हुंदका दिल्यासारखा आवाज निघाला. हवालदाराचं हसू मावळलं.

सिव्हिल हॉस्पिटलमधून जखमेतले तुकडे आणवले. पोराची काच पातळ, तपकिरी. हे तुकडे जाड, हिरवट. सरळसरळ सोड्याची बाटली. तडक कारखाना गाठला. मालकाच्या पुतण्याच्या तळहाताला फडकं गुंडाळलेलं. खडसावताच कबूल झाला. हमालाशी बाचाबाची झाली होती, एवढंच कारण.

मालक हात चोळत म्हणाला, "साहेब, घरातलं पोरगं हाय. मिटवून टाका की."

"आणि ज्याला अडकवलंत ते कुणाच्या घरातलं नव्हतं व्हय?" मी ओरडलो.

पोराला सोडलं. मी वर्दीतच शाळेच्या चेअरमनकडे गेलो. पोरगा निर्दोष आहे, खरा आरोपी अटकेत आहे, असं सांगितलं. ते म्हणाले, "खरं हो साहेब, पण लॉकअपात बसला होता ना? पालक काय म्हणतील?" जागा दुसऱ्याला देऊनही झाली होती.

त्या केसने मला शिकवलं: आम्हाला गुन्हा शाबीत करायला पुरावा लागतो, लोकांना नुसतं लॉकअप पुरतं. पुढे नोकरीभर, बड्या माणसाने खबर आणली की मी आधी त्याचीच चौकशी केली.

पोराची आई ठाण्यात आली, हात जोडून म्हणाली, "साहेब, तुमी सोडलंत, लई उपकार झाले."

उपकार! काही न केलेल्या पोराला सोडल्याचे!