घड्याळवाले, सेकंद किती?

मेंदूत रक्ताची गुठळी अडकली तेव्हा मी आळेफाट्याला मिसळ खात होतो. आणखी एक पाव मागायला तोंड उघडलं आणि काहीच बाहेर आलं नाही. उजवा हात ताटात पडला. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर मला पहिली चीड आली ती मिसळ अर्धी राहिल्याची. ती बोलूनही दाखवता येईना, म्हणून आणखी चीड आली.

पंचवीस वर्षं मी बैलगाडा शर्यतीत माईकवर बोललो. जुन्नर-आंबेगावात बैल पळवायचा एकही घाट असा नाही जिथे माझा आवाज घुमला नाही. हे मी नम्रपणे सांगतोय असं कुणी समजू नये. तर अशा माणसाच्या तोंडून आता 'पाणी' निघत नव्हतं. समोर तांब्या दिसायचा, शब्द ओठापर्यंत यायचा आणि 'बा बा' होऊन बाहेर पडायचा. मला समजत सगळं होतं. भेटायला येणारे मात्र मी बहिरा असल्यासारखे ओरडून बोलायचे, आणि माझी इस्त्रीची टोपी घालून मला बसवलेलं असायचं.

महिन्याभराने एका दुपारी मांजर दुधाच्या पातेल्याकडे निघालं. मी बोट दाखवून बा बा करत होतो, बायकोचं लक्ष नाही. असा संतापलो की तोंडातून माईकवरच्या चालीत खणखणीत निघालं, "झालीऽ झालीऽ, मांजर सुटलं, मांजर सुटलं, ओट्याच्या दिशेनं भिर्रर्रर्र."

बायकोच्या हातातली परात पडली. मांजर पळालं. मी लगेच साधं बोलून पाहिलं. बा बा.

मंचरला बोलणं शिकवणारी एक डॉक्टर मुलगी होती. ती म्हणाली, "काका, डाव्या बाजूचा बोलण्याचा रस्ता बंद झालाय. पण चालीवर म्हटलेलं, वर्षानुवर्षं घोकलेलं उजव्या बाजूलाही साठतं. मेंदू तिकडून वाट काढतोय." बायपास म्हण की, असं मला म्हणायचं होतं. तिने अभ्यास दिला. डाव्या हाताने मांडीवर ताल धरायचा, वाक्य चालीवर म्हणायचं, मग चाल हळूहळू कमी करत न्यायची.

चाल काही कमी होईना. आंघोळीचं पाणी मागायचं तरी माझं सुरू, "पाण्याचा गाडा जुंपला का मंडळी, बंब पेटला का, सांगा सांगा सांगा." शेजारच्या बायका ऐकायला उंबऱ्यात येऊन बसायच्या. बायको म्हणाली, "पंचवीस वर्सं त्या घाटावर पाऊल टाकलं न्हाई मी, आता घाटच घरात आला." पण आठवड्याभरात तीही चुलीपासून ओरडायला लागली, "भाकरीचा गाडा अजून तव्यावर हाये, दमानं घ्या."

या सगळ्यात एक माणूस कधी हसला नाही. माझा दोस्त, निमगाव सावाचा, मेंढरं राखणारा. शर्यतीत तो माझ्या डाव्या हाताला घड्याळ घेऊन बसायचा. एका गाड्याची बारी पळून झाली की मी माईकवर विचारायचो, "घड्याळवाले, सेकंद किती?" तो आकडा सांगायचा; ज्याचे सेकंद कमी, तो गाडा पहिला. गाडामालकांनी पाया पडावं की शिव्या द्याव्यात, आकडा बदलायचा नाही. एकदा माझ्या मेहुण्याचे बैल त्याने मागे टाकले, तेव्हा मी दोन महिने त्याच्याशी बोललो नव्हतो.

तो दर आठवड्याला यायचा, माझ्यासमोर बसायचा आणि खिशातून तेच घड्याळ काढायचा. मी मांडीवर ताल धरून 'मला चहा पाहिजे' म्हणायचो. तो बटण दाबायचा. "चौदा सेकंद. मागल्या बारीला सोळा व्हते. पर चालीवर म्हनलास, बाद." मला त्याचा इतका राग यायचा की मी पुन्हा म्हणायचो. खरं सांगायचं तर त्या वर्षात मी फक्त त्याच्या येण्याची वाट बघत होतो.

मग एका सकाळी मेंढरं सोडताना तोच गेला. छातीत कळ आली आणि संपलं.

त्याच्या दहाव्याला मला बोलायचं होतं. एकच वाक्य, साधं, बिनचालीचं: 'हा माणूस कधी खोटं बोलला नाही.' दहा दिवस मी मांडी बडवली, ती काळीनिळी झाली. बायको म्हणाली, "तुमी तिथं गप बसा. मेल्या माणसापुढं भिर्र केलंत तर लोक काय म्हंतील?" मलाही तीच भीती होती.

नदीकाठी दोन पुढारी बोलले. एकाने त्याचं गाव चुकवलं. मी उठलो आणि आखडलेल्या उजव्या हातात माईक घेतला. डाव्याने मांडीवर ताल धरला. हा... बा. हा... बा. मागे कुणीतरी खाकरलं. आणि तोंड आपोआप सुटलं.

"झालीऽ झालीऽ, निमगावचा गाडा सुटला. मेंढरं मागं राहिली, घर मागं राहिलं, मागं बघत न्हाई, बघत न्हाई, निशाणाच्या पार गेला."

दोघं-तिघं फसकन हसले. मला थांबायचं होतं, पण पंचवीस वर्षांची सवय पुढे निघून गेली. "घड्याळवाले, सेकंद किती?"

माझी मान डावीकडे वळली. तिथे गाव चुकवणारा तो पुढारी बसला होता. माईक नुसता घूं करत होता आणि मला तो खाली ठेवता येईना.

बायकांच्या गर्दीतून त्याची बायको बोलली. "लई कमी, भावजी," ती म्हणाली. "लई कमी."

"हो, वहिनी," मी म्हणालो.

साधं, बिनचालीचं. मांडीवर हातसुद्धा नव्हता. किती सेकंदांत निघालं ते सांगणारा मात्र कुणी नव्हता.