सरांचा फ्रेंच मंत्री

"लढाई काय, कुणीबी करतंय. नंतर जेवायला कोण बोलावतंय, ते सांगा!" असं म्हणत आमचे इतिहासाचे सर खडू टेबलावर ठेवायचे आणि पहिल्या बाकावर जो असेल त्याच्याशी हस्तांदोलन करायचे.

अहमदपूरच्या शाळेत मी शेजारच्या वर्गात गणित शिकवायचो. पहिल्या महायुद्धाचा धडा आला की माझी पोरंही भिंतीला कान लावायची. सरांचा लाडका होता फ्रान्सचा एक परराष्ट्रमंत्री. खाणावळवाल्याचा पोरगा. ज्या जर्मनीशी लढताना एवढं रक्त सांडलं, तिच्याच मंत्र्याला त्यानं एका खेड्यात जेवायला बसवलं. पुस्तकात त्याला दीड ओळ, सर मात्र अख्खा आठवडा घ्यायचे. "मावसभाऊ होता का तुमचा?" आम्ही चिडवायचो.

सख्ख्या भावाशी मात्र सर बोलत नव्हते. देवणीजवळच्या त्यांच्या गावात पोळ्याला वेशीतल्या तोरणाखालून पहिली जोडी त्यांच्या घराण्याची. वडील गेल्यावर शेत वाटलं, बैल वाटले. मान कसा वाटणार? वेशीतच जुंपली. सरांची जोडी गडी सांभाळायचा, पण सरांनी पोळ्याला गाव सोडलं ते सोडलंच.

एकदा पोळ्याच्या आदल्या दिवशी सर घुम्यासारखे बसले होते. मी वैतागून म्हणालो, "तुमचा मंत्री जर्मनीला जेवू घालतो आणि तुम्हाला देवणी लांब पडते?"

"त्याचं भावाशी न्हवतं भांडण," सर उसळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. "चला संगट. एकट्याची छाती व्हईना."

वेशीत दोन्ही जोड्या सजून उभ्या होत्या. सर तडक गेले आणि त्यांनी भावाच्या बैलांचा कासरा धरला. "तुझी आधी."

"न्हाई दादा, तुमची."

"गप. मी थोरला हाय."

"थोरले म्हणूनच तुमची!"

झालं, पुन्हा भांडण! गाव खोळंबलं, वाजंत्री थांबली. शेवटी सरांनी कासरा ओढलाच. भाऊ मागून डोळे पुसत चालला होता. माझेही भरून आले.

मग दरवर्षी हाच तमाशा, आणि दरवर्षी सरच जिंकायचे.

सर गेले. त्यानंतरचा पहिला पोळा यंदा झाला. मला राहवेना, म्हणून गेलो. भावानं आपली जोडी बाजूला उभी केली, गड्याच्या हातून सरांच्या बैलांचा कासरा घेतला आणि तोरणाखाली येऊन थांबला. वाद घालायला कुणी येईल, म्हणून थांबल्यासारखा.

"जा की पुढं," कुणीतरी म्हणालं.

"जातो," तो म्हणाला आणि माझ्याकडं वळला. "आता न्हाई म्हणायला कोण हाय, गुरुजी?"