घर नसलेले सेक्रेटरी

माझ्या नवऱ्याबरोबर हॉटेलात जाऊ नये. डोसा आला की ते आधी तो उलटा करून बघतात. करपलेला कोपरा सापडला की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं, नाही सापडला तर अस्वस्थ होतात. त्यात त्यांचा दोष नाही, पोटापाण्याचा धंदाच तो आहे. ठोकलेल्या गाड्या तपासायच्या आणि विमा कंपनीला अहवाल द्यायचा. गाडीवाला म्हणतो, सगळं बदलावं लागेल. हे म्हणतात, हा पोचा जुना आहे. आमची सगळी गल्ली त्यांना नंदूअण्णा म्हणते, म्हणून इथे मीही तसंच म्हणते. घरी अर्थात अहो.

नंदूअण्णांचे पणजोबा साताऱ्याकडून कापडाचे तागे घेऊन बेंगळुरूला आले आणि भाड्याच्या घरात उतरले. तिथून पुढे घराण्यात कुणी भाड्याचं घर सोडलं नाही. म्हणजे घरं बदलली, भाडं तेवढं राहिलं. घर विकत घेण्याचा अनुभव एकालाही नसल्यामुळे सल्ला द्यायला मात्र सगळे मोकळे असतात. पन्नाशी ओलांडल्यावर पहिलं घर घ्यायला निघालेला माणूस म्हणजे नातेवाइकांची दिवाळीच.

बरं, घ्यायचं काय, यावर आमच्या दोघांचं कधी जमलं नाही. नंदूअण्णांना जमिनीवरचं घर हवं होतं. देवनहळ्ळीच्या वाटेवर शेतं मोडून लेआउट पडलेत, तिथलं एक बसकं घर त्यांनी हेरून ठेवलं होतं. स्वतःचं फाटक, स्वतःची बोअरवेल, पुढे दोन पावलं माती.

"फ्लॅट म्हणजे काय, शुभदा? चार भिंतींमधली हवा," ते म्हणायचे. "आपली फरशी म्हणजे खालच्याचं छत, आपलं छत म्हणजे वरच्याची फरशी. जमिनीतला आपला वाटा काढला, तर त्यात तुळसपण मावायची नाही."

"आणि तिथे बोअर आटली की तुम्ही एकटे, पंप जळला की एकटे. तुम्ही गाडी बघायला तुमकूरला गेलात आणि दारात साप आला तर मी एकटी."

"विमानतळ जवळ आहे."

"मग सापाला विमानात बसवून देऊ का?"

असं आमचं वर्षानुवर्षं चाललं होतं. दर रविवारी एक घर बघायचं, नळ सोडायचे, भिंती ठोकायच्या, फरशीवर गोटी सोडून उतार बघायचा, आणि येताना काहीतरी खुसपट घेऊन यायचं. एका घराच्या स्वयंपाकघरात म्हणे दुपारी सावली पडते. सावली कुठे पडत नाही, असं विचारलं की पेपर उघडायचे.

मग एके दिवशी आमचे घरमालक विठोजीराव वर आले, कॉफी घेतली आणि म्हणाले, "अक्का, तुम्ही घरच्यासारखे." घरमालक असं म्हणाला की सामान बांधायला घ्यावं. त्यांना हे घर पाडून तिथे बाहेरगावच्या नोकरदार मुलांसाठी पीजी बांधायचं होतं. घाई नाही म्हणाले, फक्त आषाढ लागायच्या आत बघा. इकडे आषाढात कुणी घर बदलत नाही, घराची नोंदणीही करत नाही. आषाढाच्या आत म्हणजे घाईच होती.

विठोजीराव खाली उतरले आणि मी नंदूअण्णांना सांगून टाकलं. फ्लॅट घ्या, बंगला घ्या, काय ते घ्या, पण आता मी सामान हलवणार ते स्वतःच्या घरात. पुन्हा भाड्याचं घर पाहिलंत तर मी बेळगावला भावाकडे जाऊन बसेन. लग्न झाल्यापासून एकदा तरी कुणाला न विचारता भिंतीत खिळा ठोकावा, एवढीच माझी इच्छा होती, आणि त्या इच्छेला आता केस पिकायला लागले होते. मला खरंच भीती वाटत होती, की हा माणूस दोष शोधता शोधता म्हातारा होईल आणि आमचं घर व्हायचं राहूनच जाईल.

मोहनकुमार नावाचा दलाल आम्हाला मंदार रेसिडेन्सीत घेऊन गेला. बेंगळुरूत आम्ही राहतो त्या येलहंक्यातच, मी शिकवते त्या शाळेपासून चालत. तिसऱ्या मजल्यावरचा तीनशे चार, मालक परदेशात, किल्ली मोहनकुमारकडे. नंदूअण्णांनी नळ सोडले, भिंती ठोकल्या, गोटी सोडली. न्हाणीघरातली थोडी ओल सोडली तर काही सापडेना. ते चिंताग्रस्त झाले.

उतरताना लिफ्टमध्ये कागद लावलेला दिसला. रविवारी सकाळी फ्लॅटमालकांची सर्वसाधारण सभा. नंदूअण्णांचे डोळे चमकले.

"रंग बघून गाडी कळत नाही. इंजिन चालू करून ऐकावं लागतं," ते म्हणाले. "ही माणसं कशी भांडतात ते तू एकदा ऐक. फ्लॅटचं नाव काढणार नाहीस."

तर आम्ही रविवारी नटूनथटून परक्यांच्या सभेला गेलो. दारावरच्या वॉचमनने फ्लॅट नंबर विचारला. नंदूअण्णा म्हणाले, "तीनशे चार." आम्ही तोच बघितला होता, तेव्हा ते अर्धं खरं होतं. मी त्यांच्याकडून एकच वचन घेतलं होतं, तोंड उघडायचं नाही.

खाली पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. अध्यक्ष इंदिराबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, माइक न घेताही शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या. कन्नड, हिंदी, इंग्रजी, सगळं एकाच वाक्यात. जिन्यातल्या चपलांच्या रॅकवरून भांडण झालं, कुत्र्यावरून झालं, कुत्रा कुणाचा यावरून झालं. नंदूअण्णा मला कोपराने ढोसत होते. बघ, बघ. त्यांच्या आयुष्यातली ती एक सुंदर सकाळ होती.

मग फाटकाचा विषय निघाला. पाण्याच्या टँकरने मागे घेताना फाटकाचा खांब पाडला होता आणि खर्च सगळ्यांनी वाटून घ्यावा असं ठरत आलं होतं. माझ्या शेजारची खुर्ची कुरकुरायला लागली. मी हात धरला, पण वचन तिथेच मोडलं.

"खर्च आपण का करायचा?" नंदूअण्णा उभे राहिले. "टँकरचा विमा असतो. त्यावर दावा लावा. खांब उचलू नका, आधी फोटो काढा."

सगळ्या माना वळल्या. दावा कसा लावायचा हे त्यांनी सांगितलं, टँकरवाला काय बहाणे करेल तेही सांगितलं. लोक ऐकत होते. मी पाहिलं, बोलताना ते दोनदा 'आपलं फाटक' म्हणाले.

पुढचा विषय सेक्रेटरीची निवड. जुना सेक्रेटरी पद सोडून गेला होता आणि जागा कित्येक महिने रिकामी होती. इंदिराबाईंनी विचारलं, कोण तयार आहे? त्याक्षणी सबंध सभेला मोबाइलमध्ये काहीतरी अत्यंत महत्त्वाचं सापडलं. इंदिराबाईंची नजर फिरत फिरत आमच्यावर थांबली.

"तीनशे चार. तुम्हीच."

टाळ्या पडल्या. आयुष्यात इतक्या एकमताने काही ठरताना मी पाहिलं नव्हतं. कुणीतरी आमच्या हातात बोंडा आणि कॉफी दिली. विरोध नोंदवायला तोंड मोकळं राहिलं नाही.

परत येताना मी म्हटलं, "उद्या जाऊन खरं सांगा."

"उद्या लगेच सांगितलं तर त्यांना पुन्हा सभा घ्यावी लागेल. बरं दिसत नाही. फाटकाचं काम मार्गी लागू दे."

फाटकाचं काम मार्गी लागलं. मग जनरेटरचं निघालं. मग दोन गाड्यांमध्ये पार्किंगवरून तंटा झाला, तो मिटवायला ओरखड्यांच्या तज्ज्ञाइतका योग्य माणूस कुठला? रोज संध्याकाळी ऑफिसातून ते थेट मंदार रेसिडेन्सीत जायचे. आमच्या घरचा नळ ठिबकत होता, तिकडे बघायला वेळ नव्हता. आपली लिफ्ट, आपला वॉचमन, आपली गच्ची. जेवताना मी सहज विचारायची, मग फ्लॅट घ्यायचा ना? ते म्हणायचे, "तत्त्वतः फ्लॅट ही चूकच आहे." आणि पुन्हा गच्चीची गळती सांगायला लागायचे.

इतकंच नाही, फ्लॅट पुन्हा बघायचाय म्हणून त्यांनी मोहनकुमारकडून किल्ली आणली आणि तीनशे चारच्या न्हाणीघरातली ओल सेक्रेटरी म्हणून स्वतः उभं राहून दुरुस्त करून घेतली. परक्याच्या फ्लॅटमधला एकुलता एक दोष त्यांनी आपल्या हाताने काढला, आणि देवनहळ्ळीच्या घराचं वजन तराजूत आणखी थोडं टाकून पुन्हा विचार करत बसले.

व्हायचं तेच झालं. मोहनकुमारचा मला फोन आला. "सॉरी मॅडम, तीनशे चार गेला. पुण्याचं एक जोडपं आहे, आयटीतलं. त्यांना फार आवडलं. विशेषतः असोसिएशन. सेक्रेटरी एकदम कडक आहे म्हणे."

मी हसले आणि मग मला रडू आलं. आषाढ दारात आला होता. नंदूअण्णांना हे फोनवर सांगण्यात मजा नव्हती, समोर उभं राहून सांगायचं होतं, म्हणून शाळा सुटल्यावर मी थेट मंदार रेसिडेन्सीच्या ऑफिसात गेले. ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली. नंदूअण्णा टेबलामागे, शेजारी इंदिराबाई. माझ्या मागोमाग एक तरुण जोडपं आत आलं.

"सर, मी निहार, ही श्वेता. सामान आणायला तुमची परमिशन लागते ना? आम्ही थ्री-नॉट-फोर घेतलाय."

इंदिराबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "तीनशे चार तर आमच्या सेक्रेटरींचा आहे."

मी नंदूअण्णांकडे पाहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे पोचे मोजणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी वाकून तपासत होतं. त्यांनी निहारला पेन मागितलं, परवानगीवर सही केली, आणि म्हणाले, "अभिनंदन. न्हाणीघर चांगलं आहे."

पुढच्याच रविवारी तातडीची सभा बोलावली गेली. आम्ही न जाणंच शहाणपणाचं होतं, पण नंदूअण्णा म्हणाले, जनरेटरच्या किल्ल्या द्यायच्या आहेत. यावेळी आम्हाला खुर्ची कुणी दिली नाही. तळमजल्यावरचे अप्पासाहेब सर्वांत आधी उठले. ही फसवणूक आहे, पोलिसांत द्या, परका माणूस आमच्या गच्चीवर चढतो म्हणजे काय? ते बराच वेळ बोलले आणि प्रत्येक शब्द बरोबर होता.

"नियमाप्रमाणे मालक नसलेल्याला इथे बोलता येत नाही, मतही नाही," इंदिराबाई म्हणाल्या. "पण आज बोला, नंदकुमार. का केलंत?"

मला वाटलं, आता विमा, टँकर, परिस्थिती असं काहीतरी काढतील. त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

"मी फ्लॅटमधले दोष शोधायला आलो होतो," ते म्हणाले. "सापडले. पुष्कळ आहेत. पण आमच्या चार पिढ्या या गावात राहिल्या आणि राहतं घर कसं असावं हे आम्हाला कुणी कधी विचारलं नाही. भाडेकऱ्याला कोण विचारतं? तुम्ही विचारलंत. मग मला नाही म्हणवलं नाही. चुकलं माझं."

माझा नवरा चार माणसांत असं बोलू शकतो हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. माझा सगळा राग कुठे गेला कोण जाणे, मला त्यांचा फार अभिमान वाटला.

"सरी, ठीक आहे," इंदिराबाई म्हणाल्या. "हे गेले. आता सेक्रेटरी कोण होणार?"

सभा पुन्हा मोबाइलमध्ये शिरली. अप्पासाहेबांनीसुद्धा खिशात चष्मा शोधायला घेतला. त्यांना तो सापडेपर्यंत बहुधा त्यांचा विचार झाला असावा, कारण घसा खाकरून ते म्हणाले, "तसं माझा तळमजल्याचा फ्लॅट विकायचा आहे. दोन वर्षं गिऱ्हाईक नाही."

गिऱ्हाईक का नाही, हे तिथे नंदूअण्णांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. खिडकीसमोर जनरेटर. पावसात मोरीतून पाणी वर येतं. संध्याकाळी सगळ्या बिल्डिंगची मुलं त्याच भिंतीवर चेंडू आपटतात, आणि त्याबद्दलची अप्पासाहेबांची तक्रार नंदूअण्णांनीच सेक्रेटरी म्हणून दप्तरी लावली होती. मी वाट बघत होते. आता यादी सुरू होणार.

नंदूअण्णांनी माझ्याकडे बघितलं. "शुभदा, वाईट आहे तो फ्लॅट. घेऊ या?"

मी मान डोलावली.

"आषाढ लागायच्या आत कागद करा," इंदिराबाईंनी अप्पासाहेबांना बजावलं आणि त्या सभेकडे वळल्या. "तोपर्यंत नंदकुमारच सेक्रेटरी राहावेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. मालक नसलेल्यांनी मत द्यायचं नसतं, हे मी नुकतंच ऐकलं होतं. तरी मी हात वर केला. इंदिराबाई एकेका रांगेवर बोट फिरवत मोजत आल्या, माझ्यापाशी क्षणभर थांबल्या, आणि त्यांनी माझाही हात मोजला.