गाईच्या पायाखालची माती

आमच्या कुंभारवाड्याची पुतळी सुईण भारी हटवादी, हे मी तिच्या तोंडावर सांगत आले. तिच्या-माझ्या घरात एकच कुंपण, तेव्हा तेवढा हक्क मला हाय. तापाच्या साथीत तिचा घरवाला गेला. मागं राहिली लेक गिरजा आणि म्हातारी सासू बाळी. सासूनंच तिला सुईणपण शिकवलं. विळ्यानं नाळ कापायची आणि बेंबीवर गाईच्या पायाखालची माती लावायची. ती माती लागली की पोर घराला धरून राहतं, असं आमच्यात म्हणत्यात. कुठलं राहतंय! सहाव्या दिवशीची सटी पुजून होते न होते तोवर पोर आखडायचं, जबडा मिटायचा, दूध सुटायचं. मग सटवाईनं लिहिलंच न्हवतं म्हणायचं आणि पुरून यायचं.

पुढं सुप्याच्या दवाखान्यात एक नर्सबाई आली. तिनं गावोगावच्या सुइणींना शिकायला बोलावलं. बाकीच्या कंटाळून पळाल्या, पुतळी तेवढी टिकली आणि एक कात्री घेऊन परत आली. कात्री उकळायची, दोरा उकळायचा, हात साबणानं कोपरापर्यंत घासायचे. आणि बेंबीला काही म्हणजे काही लावायचं न्हाई.

"कात्रीचा रस्सा करतीस काय गं?" मीच तिला चिडवलं.

"व्हय, ये वाटी घेऊन," ती म्हणाली.

पण पोरं जगायला लागली. झिलूच्या बायकोची एकामागून एक गेलेली, तिचंही जगलं. मग बाया आपणहून पुतळीला बोलवायला लागल्या. एक बाळीच तेवढी कुरकुरायची. तिच्या हातची कितीतरी पोरं त्याच मातीनं गेली, हे कबूल करायचं म्हणजे म्हातारीनं कुठं तोंड लपवायचं?

गिरजा पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. पुतळीनं सगळं रीतसर केलं. मुलगा झाला, गोरा, केसाळ. दोनच दिवसांनी नंदिगड्ड्याहून माणूस आला, बाई अडली होती. पुतळी निघताना सासूच्या पाया पडली. "आत्याबाई, बेंबीला हात लावू नका. एवढं ऐका माझं."

"न्हाई लावत," बाळी म्हणाली.

पण परसात गाय हंबरली आणि म्हातारीचं मन राहिना. पणतू घराला धरून राहावा, एवढंच तिला वाटलं. तिनं चिमूटभर माती आणून लावली. वाईट चिंतून न्हाई हो, बाळाची अलाबला घेऊन, कानशिलावर कडाकडा बोटं मोडून लावली.

नंदिगड्ड्याचं पोर वाचवून पुतळी परत आली आणि बाळाची बेंबी बघून तशीच चुलीकडं धावली. उकळल्या पाण्यानं धुतली, पुसली. काय उपयोग! सटी झाली आणि पोर आखडलं. चमच्यानं घातलेलं दूध ओठांतून बाहेर यायचं. पुतळी त्याला मांडीवर घेऊन बसली ती ते थंड झाल्यावरच उठली.

गावाला काय, जीभ उचलून टाळ्याला लावायची. दुसऱ्यांची जगवते, घरचं खाल्लं, म्हणाले. कात्रीनं सटवाई रागावली, म्हणाले. मातीचं नाव पुतळीनं घसा फोडून सांगितलं. "म्हाताऱ्या माणसावर ढकलतीस होय?" म्हणून उमाजी पाटलानं तिलाच गप्प बसवलं. पालथ्या घड्यावर पाणी! पुन्हा घरोघरी विळे निघाले.

आणि गिरजा? पुढल्या खेपेलाही माहेरीच आली, पण बाळंतपणाच्या खोलीच्या दारातच तिनं आईला अडवलं.

"आये, तू नको. तुझी कात्री नको."

"पोरी, निदान माती तरी लावू नकोस गं."

"पहिल्या वेळी तू हुतीस कुठं?"

पुतळी दारातूनच माघारी फिरली. बाळीनंच बाळंतपण केलं, विळ्यानं आणि मातीनं. पुतळी माझ्या चुलीवर पाण्याचं भांडं ठेवून बसून राहिली, कुणी बोलवलं तर असावं म्हणून. पाणी आटलं. बोलावणं आलं न्हाई. मुलगी झाली आणि पहिल्यासारखीच गेली.

त्यानंतर एका दुपारी गिरजा कुंपण ओलांडून आमच्याकडं आली. पुतळी माझ्यापाशी तांदूळ निवडत होती. गिरजाची छाती दुधानं भरून चोळी भिजलेली. उभ्या उभ्याच तिनं विचारलं, "आये, खरं सांग. मी माती लावू दिली न्हसती तर जगली असती काय गं?"

मी पुतळीकडं बघितलं. म्हटलं, आता बोल बाई, आयुष्यभर ओरडत आलीस ते आता बोल. लेक ऐकायला आपल्या पायानं आली हाय.

पुतळीनं सूप खाली ठेवलं. लेकीच्या तोंडाकडं बघितलं. "न्हाई गं बाळा," ती म्हणाली. "मातीनं काय हुतंय? तिचं आयुष्यच तेवढं हुतं."

असा राग आला मला! पण आईच ती. लेकीला तोंडावर कसं सांगणार, की तूच मारलंस?

गिरजानं डोळे पुसले. जरा वेळ आईच्या खांद्याला टेकून बसली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "मग पुढच्यालाबी लावू या ना गं माती? आज्जी म्हणते, या वेळी कमी पडली."

पुतळीनं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं आणि निवडलेलेच तांदूळ परत निवडायला लागली. मला ते बघवेना. मी उठून चूल फुंकायला गेले, तर चुलीत विस्तवच न्हवता.