सरळ सतराशे

अंबडच्या एका कारखान्यात बावीस वर्षं मी कॉस्टिंग पाहिलं. एका सुट्या भागाला किती लोखंड, किती वीज, किती वेळ लागतो ते काढून द्यायचं. कंपनीने स्वेच्छानिवृत्ती देऊ केली तेव्हा मी अर्ज भरला. वाईट वाटलं नाही, बरंही वाटलं नाही. पुन्हा टेबलाशी बसायचं नाही, एवढंच ठरवलं होतं.

माझा मेहुणा पिंपळगावला कांद्याचा व्यापारी आहे. त्याने स्पष्ट सांगितलं, "दाजी, महिनाभर लिलावात या. स्वतः बोली लावून माल घेता आला तर खरेदी तुमच्याकडे. नाहीतर आपल्या गाळ्यावर हिशेब लिहा."

लिलावात ट्रॅक्टर रांगेने उभे असतात आणि व्यापारी घोळक्याने एकेका ट्रॉलीपाशी जातात. दोन-चार कांदे हातात घ्यायचे, भाव बोलायचा, पुढे सरकायचं. मी कांदा हातात घेऊन ओल किती, बारीक माल किती, सड किती जाईल याचा हिशेब मांडायचो. आकडा बरोबर निघायचा. तोवर घोळका तिसऱ्या ट्रॉलीपाशी पोचलेला असायचा.

"दाजी, मुलगी बघायला आलाय का?" मेहुणा म्हणायचा. "बोला की!"

मग बाकीचे व्यापारीही मला दाजीच म्हणू लागले. रागही येत नव्हता.

संध्याकाळी निघताना बायकोचा फोन यायचा.

"घेतला का?"

"नाही."

"जेवायला काय करू?"

"काहीही."

महिना संपत आला. मेहुण्याने गाळ्यात एक टेबल आणून ठेवलं. त्यावर पंखाही लावला.

दुसऱ्या दिवशी एका ट्रॉलीवर बोली सोळाशे दहाला अडली होती. कांदा चांगला होता. मी हिशेब मांडायला घेतला आणि मधेच सोडून दिला.

"सतराशे."

आवाज माझाच होता, पण बाजूच्या कोणीतरी बोलल्यासारखा वाटला. मग कोणीतरी म्हणालं, "दाजींनी डायरेक्ट टॉप गिअर टाकला!" घोळका हसत पुढे गेला. शेतकरी मात्र ट्रॅक्टरवरून खाली उतरला.

"सायेब, मागं नाय ना घेणार?"

"नाही."

"तुमच्या खळ्यावर माल उतरल्यावर भाव तोडायचा नाय. लय दिवसांनी असा भाव भेटला."

"सतराशे म्हणजे सतराशे."

मेहुण्याच्या खळ्यावर, माल उतरवायच्या आवारात, ट्रॉली खाली झाली. खालचा माल वरच्यासारखाच निघाला. मेहुण्याने एक कांदा कापून पाहिला.

"सोळाशे चाळीसला मिळाला असता."

"हो," मी म्हटलं. क्विंटलमागे साठ रुपये जास्त गेले, हे मी वाटेतच काढलं होतं.

त्याने सुरी पुसली. "हिशेबाला दुसरा माणूस बघतो. उद्या लिलावात वेळेवर या. आणि दहा-वीसनं चढत जा हो दाजी, उडी नका मारू."

आनंद होईल म्हणून मी थोडा वेळ वाट पाहिली. काही झालं नाही. हाताला कांद्याचा वास येत होता.

बसथांब्यावर फोन आला.

"घेतला का?"

"घेतला. महाग पडला."

"जेवायला काय करू?"

"पिठलं कर," मी म्हटलं.