टॉवेलाखाली गेलेलं काळं इंजिन

माझ्या साडूने मला फसवलं. काष्टीच्या बाजारात बैलांचे सौदे करून वर आलेला माणूस मी, आणि घरच्या माणसाने मला माझ्याच माडीवर, छोट्या आगगाडीच्या नादात फसवलं.

प्लायवूडवर रूळ, दोन स्टेशनं, एक घाट. सगळं मी हाताने केलेलं. पद्धत जुनी, अ‍ॅनालॉग. बटण फिरवलं की रुळातला करंट वाढतो आणि गाडी पळते. अडचण एवढीच, की रुळांवर दोन इंजिनं असली तर दोन्ही एकदम सुटतात. मला एक स्टेशनात उभं हवं होतं आणि दुसरं शेजारून जाताना पाहायचं होतं.

साडू भिंगारचा, त्यालाही हाच नाद. दिवाळीत तो डिजिटलचा डबा, म्हणजे गाडी चालवायचा नवा संच, घेऊन आला. त्यात प्रत्येक इंजिनाच्या पोटात चिप असते. ज्याला हुकूम द्यावा तेच हलतं.

"माझी जुनी इंजिनं चालतील ह्याच्यावर?" मी विचारलं.

"न्हाई चालायची, पाव्हणं. मोटर जळंल."

"मग त्यांचं काय करू?"

"मी नेतो की. माझ्याकडं अजून जुनंच हाय. तुमी हा डबा ठेवा, ह्यातलं निळं इंजिन ठेवा."

जुन्यांत काळं वाफेचं इंजिन होतं. धंद्यात पाय रोवल्यावर मी फक्त स्वतःसाठी घेतलेली ती पहिली वस्तू. घासाघीस करून मी आणखी एक निळं पदरात पाडलं आणि स्वतःवरच खूश झालो. त्याने हसत खांद्यावरचा टॉवेल पुढे केला. बाजारात धरतात तशी आम्ही त्याखाली बोटं धरली. असा हात दिला की सौदा फिरत नाही. पण बैल चालवून बघितल्याशिवाय मी कधी बोट धरलेलं नाही. इथे मात्र दुसऱ्या कुणाला एक शब्द विचारला नाही.

डिजिटल चालतं, खोटं कशाला बोलू? तरी गाडी मध्येच थांबली की मला वाटतं, हा डबासुद्धा माझ्यापासून काहीतरी लपवतोय.

शेवटी अशा छोट्या गाड्या विकणाऱ्या पुण्याच्या दुकानदाराला फोन लावला आणि बोलता बोलता जुन्या इंजिनांचंही विचारलं. तो म्हणाला, "जुन्या इंजिनात चिप बसते की! गेल्या पावसाळ्यात भिंगारच्या एकांनी हेच विचारलं होतं. काळ्या वाफेच्या इंजिनाबद्दलच."

मी तडक भिंगारला गेलो. काळं इंजिन साडूच्या स्टेशनातून निघत होतं, आणि कडेला डिजिटलचा नवा डबा.

"बसा पाव्हणं, चहा टाकायला सांगतो."

"हे जळणार होतं ना?"

"नंतर कळलं हो मला."

घरी बायको म्हणाली, "दाजींचं चुकलं असंल. एका इंजिनापायी मी बहिणीचं घर तोडू का?"

तोडू नकोस. इंजिनही मागत नाही, हात मीच दिलाय. पण अक्षय तृतीयेला सासुरवाडीत सगळे जमतील, तिथे सासऱ्यांसमोर साडूने उभं राहून सांगावं: दिवाळीच्या आधी, पावसाळ्यात दुकानदाराला विचारणारा तो कोण होता?